पोर्शे ९८७: जाळी बसवूनही तापमानाचा काटा चढतोय? आधी बंपरच्या आत बघा

पुढच्या बंपरची दोन्ही तोंडं सताड उघडी, आत रेडिएटर, आणि बाहेर न्यू जर्सीचा पानगळीचा ऑक्टोबर. पोर्शेची बॉक्स्टर किंवा केमन चालवणाऱ्याला यापुढचं सांगावं लागत नाही. म्हणूनच बरेच जण गाडी घरी आली की लगेच आफ्टरमार्केट जाळ्या मागवतात, एखाद्या शनिवारी दुपारी बसवून टाकतात आणि विषय संपला असं धरून चालतात. पुढच्या उन्हाळ्यात तक्रारी सुरू होतात. ट्रॅफिकमध्ये काटा चढतो. एसी पूर्वीसारखा गार करत नाही. ताशी साठ मैलांच्या वर गेलं की पुढून खडखड येते. जाळी काढून झटकली की थोडे दिवस बरं, मग पुन्हा तेच.

यातल्या बहुतेक तक्रारींचं मूळ जाळीत नसतं. जाळी बसवायच्या आधीच आत जे साचलं होतं, त्यात असतं. जुना पालापाचोळा तसाच ठेवून वर जाळी ठोकली की तो आता दिसतही नाही आणि बाहेरही पडत नाही. उरलेल्या तक्रारी येतात त्या जाळी कायमची बसवल्यामुळे. चहाची गाळणी जशी दर वेळी झटकून धुवावी लागते, तशीच ही जाळी. जी काढता येत नाही ती जाळी या कामाची नाही.

पुढचं सगळं ९८७ बद्दल आहे, म्हणजे २००५ ते २०१२ या मॉडेल वर्षांतली बॉक्स्टर आणि २००६ पासूनची तिचीच बहीण केमन. ९८६ (त्याआधीची बॉक्स्टर) वाल्यांनाही यातलं बरंचसं लागू पडेल. डावी-उजवी म्हणतो ती ड्रायव्हरच्या सीटवर बसून, आणि गाडी अमेरिकेतली, म्हणजे स्टिअरिंग डावीकडे.

हवा कुठून येते, कुठे जाते

इंजिन सीटच्या मागे असलं तरी रेडिएटर पुढे आहेत. बंपरच्या डाव्या आणि उजव्या तोंडामागे एकेक, आणि काही गाड्यांत मधे तिसरा. बाजूच्या दोन्ही रेडिएटरांच्या पुढे एसीचा एकेक कंडेन्सर (एसीची उष्णता बाहेर टाकणारी जाळीदार पेटी) उभा आहे. दोघांच्या मधे जेमतेम बोटभर फट. रेडिएटरच्या मागे पंखा. तापलेली हवा पुढच्या चाकांच्या पुढून खाली निघून जाते.

सगळा खेळ त्या बोटभर फटीचा आहे. अख्खं पान कंडेन्सरच्या पुढेच अडतं आणि तोंडाच्या तळाशी पडून राहतं. ते भिजतं, कुजतं, त्याचे तुकडे होतात. तुकडे, ओकचे लोंबते तुरे, पाइनच्या सुया, किड्यांचे पंख, सिगारेटची थोटकं हे सगळं कंडेन्सरच्या कडांवरून मागे सरकतं आणि फटीत उतरतं. एकदा तिथे गेलेलं परत येत नाही, कारण पुढे कंडेन्सर, मागे रेडिएटर, आणि हवेचा दाब सतत मागच्या दिशेने. काही वर्षांत तळापासून दाट थर चढत जातो. पुढून टॉर्च मारून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो आणि आपण निर्धास्त होतो. त्याच्या मागे रेडिएटरचा खालचा भाग पूर्ण बुजलेला असू शकतो.

इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ पडतं. कुजका ओला पाला आणि मीठ दोन्ही ॲल्युमिनियमला चिकटून राहिले की धातू खात जातात. या गाड्यांचे कंडेन्सर बहुधा खालच्या बाजूनेच का गळतात, याचं उत्तर हेच. दर उन्हाळ्यात एसीचा गॅस भरून घेणारे लोक मला भेटतात. त्यांना माझं पहिलं सांगणं असतं की गॅसवर पैसे घालायच्या आधी बंपर उतरवा.

काटा नेमका कधी चढतो

हे नीट बघितलं तर निम्मं निदान गाडी चालवतानाच होतं.

काटा सिग्नलला आणि टर्नपाइकच्या टोलपाशी चढतो, पण गाडी मोकळ्या रस्त्याला लागली की उतरतो. म्हणजे वेगात येणारी हवा पुरते आहे, उभ्या गाडीला पंखा पुरत नाही. संशय पंख्यावर आणि त्याच्या रेझिस्टरवर, म्हणजे पंख्याला कमी वेग देणाऱ्या भागावर.

काटा उलट मोकळ्या रस्त्यावरच चढतो, विशेषतः लांब चढणीवर किंवा उन्हात सलग वेगाने गेल्यावर. म्हणजे हवा आत शिरत नाही किंवा कुलंट (इंजिन गार ठेवणारा द्रव) पुरेसं फिरत नाही. पाला, चुकीची जाळी, थर्मोस्टॅट, पंप या क्रमाने बघा.

दोन्हीकडे चढतो. कुलंटची पातळी आधी तपासा, इंजिन पूर्ण गार असताना. मग वरचं सगळं.

डॅशबोर्डच्या काट्यावर फार भिस्त ठेवू नका. तो मुद्दाम सुस्त ठेवलेला आहे, लहान चढउतार तो दाखवत नाही. स्वस्तातला ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारं यंत्र) लावून कुलंटचं तापमान आकड्यात बघा. चालत्या गाडीत तो आकडा नव्वद अंश सेल्सिअसच्या आसपास स्थिर राहिला पाहिजे, आणि उभ्या गाडीत चढला तरी पंखे लागल्यावर खाली आला पाहिजे. चढून तिथेच बसला, तर काहीतरी अडलेलं आहे. जाळी बसवण्याआधीचे आणि नंतरचे आकडे लिहून ठेवले तर पुढे वाद उरत नाही. त्यासाठी रस्ता तोच आणि हवामान साधारण तसंच असू द्या.

आता पंख्यांची परीक्षा. गार गाडी सुरू करा, हँडब्रेक ओढा, एसी लावा. एसी लागला की दोन्ही पंखे कमी वेगाने फिरायला हवेत. वाकून कान द्या. एक फिरतो आणि दुसरा गप्प, किंवा दोन्ही गप्प पण इंजिन खूप तापल्यावर एकदम जोरात सुटतात, तर रेझिस्टर जळला आहे असं समजायला हरकत नाही. कमी वेग रेझिस्टरमधून मिळतो, पूर्ण वेगाला तो लागत नाही. म्हणून पंखा मेलेला वाटत नाही, फक्त उशिरा जागा होतो. हा रेझिस्टरही हवेच्या वाटेतच बसवलेला आहे आणि ओल्या पाल्यात तोही गंजतो. बदलायचा तर बंपर उतरवावाच लागतो, म्हणजे एकाच कामात दोन्ही उरकतात.

दुसरी परीक्षा मला सगळ्यात जास्त उपयोगी वाटते आणि तिला काही खर्च नाही. एसी चालू, पंखे फिरतायत. टिश्यूची एक पट्टी घ्या आणि डाव्या पुढच्या चाकाच्या पुढे, खाली, जिथून गरम हवा बाहेर पडते तिथे धरा. मग उजवीकडे. दोन्हीकडे पट्टी सारखीच फडफडली पाहिजे. एका बाजूला मलूल पडली आणि पंख्याचा आवाज मात्र दोन्हीकडे सारखा, तर त्या बाजूची फट बुजली आहे. हात किंवा पट्टी जाळ्यांच्या आत मात्र घालू नका.

एडिसनमधल्या एका मित्राने ओक ट्री रोडच्या पार्किंगमध्ये मला त्याची नवी घेतलेली जुनी बॉक्स्टर दाखवली. आधीच्या मालकाने बसवलेल्या काळ्या जाळ्या चकचकीत होत्या. डावीकडे पट्टी हलेना. घरी नेऊन बंपर उतरवला तर फटीचा खालचा तिसरा हिस्सा काळ्या ओल्या चोथ्याने भरलेला, आणि त्यात अख्खी पानं एकही नव्हती. जाळीने आपलं काम चोख केलं होतं. ती आली तेव्हाच आत सगळं साचून झालेलं होतं.

बंपर उतरवून साफसफाई

बंपरच्या तोंडातून व्हॅक्यूमची लांब नळी घालून तळातली सुटी पानं निघतात. दर काही आठवड्यांनी एवढं करणं चांगलंच आहे. पण फटीतला थर त्याने हलत नाही. पुढून पाण्याचा फवारा मारला तर तो उलट अधिक घट्ट बसतो. त्यामुळे जाळी बसवण्याआधी एकदा बंपर उतरवायचाच, या मतावर मी ठाम आहे.

काम भीतीदायक दिसतं, तसं नाही. चाकं काढावी लागत नाहीत. पुढची डिकी उघडून तोंडावरची प्लास्टिकची पट्टी आणि तिच्याखालचे टॉर्क्स स्क्रू काढा. मग बाजूचे मार्कर दिवे आणि त्यांच्यामागचा स्क्रू, चाकांच्या कमानीत बंपरच्या टोकाला असलेले स्क्रू, आणि पोटाखालची रांग. खालचे स्क्रू गंजलेले असतात. आदल्या रात्री गंजाचं तेल मारून ठेवा. दोघं लागतात, एक डावीकडे, एक उजवीकडे. कडा बाहेर खेचून बंपर सरळ पुढे ओढायचा, पण पूर्ण ओढण्याआधी थांबा: दिव्यांच्या आणि बाहेरच्या तापमानाच्या सेन्सरच्या वायरी अजून जोडलेल्या असतात. जमिनीवर जुनं ब्लँकेट पसरून त्यावर बंपर पाठीवर ठेवा. फेंडरच्या कडेला आधीच रंगाची टेप लावली तर ओरखडे पडत नाहीत.

किल्ली खिशात ठेवा. विजेचे पंखे कधी सुटतील याचा भरवसा धरून बोटं घालायची नाहीत.

आता कंडेन्सर. तो थोड्याच स्क्रूंवर आहे. ते काढले की एसीच्या नळ्या न सोडवता तो काही इंच पुढे झुकवता येतो. नळ्यांवर ताण येऊ देऊ नका; खाली लाकडाचा ठोकळा लावा. मागे जे दिसेल ते आधी हाताने काढा, हातमोजे घालून, कारण त्यात काचेचे तुकडेही निघतात. मग मऊ ब्रश, मग व्हॅक्यूम. शेवटी बागेच्या नळीचं साधं पाणी, आणि जमेल तिथे मागून पुढे, म्हणजे कचरा ज्या वाटेने आला त्याच वाटेने परत जाईल. प्रेशर वॉशर वापरू नका. त्याच्या माऱ्याने ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि पाल्याने अडली असती त्याहून जास्त हवा त्या अडवतात. काही पात्या वाकलेल्या असतील तर पात्या सरळ करायची फणी मिळते, तिने सावकाश विंचरा.

बंपर खाली आहे तोवर तीन गोष्टी बघून घ्या. कंडेन्सरच्या तळाशी तेलकट डाग आहे का. असेल तर तिथून गॅस जातोय, कारण गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही झिरपतं. रेडिएटरच्या कडेला कुलंटचा वाळलेला पांढुरका किंवा गुलाबीसर ओघळ आहे का. आणि रेझिस्टर कुठल्या अवस्थेत आहे. एका गॅरेजने कंडेन्सर नवा घालून मागचा पाला तसाच ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला आहे. नव्या कंडेन्सरचं आयुष्य त्याच दिवशी कमी झालं. काम दुसऱ्याकडून करून घेत असाल तर फट साफ केल्याचा फोटो मागा.

जाळी निवडताना भोकाकडे आणि तारेकडे दोन्हीकडे बघा

दुकानात सगळे भोकाचा आकार विचारतात. हवेला फरक पडतो तो एकूण मोकळ्या जागेचा, आणि ती भोक व तारेची जाडी दोन्हींवरून ठरते. चौकोनी विणीच्या जाळीचा हिशेब सोपा आहे: भोकाच्या रुंदीला भोक अधिक तार यांनी भागा आणि आलेल्या आकड्याचा वर्ग करा.

६ मिलिमीटरचं भोक, १ मिलिमीटरची तार: ६ भागिले ७, त्याचा वर्ग, म्हणजे सुमारे ७३ टक्के जागा मोकळी. तीच तार ठेवून भोक ३ मिलिमीटरचं केलं तर ५६ टक्के. आणि भोकं पाडलेला पत्रा, जो दिसायला सगळ्यात रुबाबदार असतो? ५ मिलिमीटरची गोल भोकं, एकमेकांपासून ८ मिलिमीटरवर, तिरप्या रांगांत मांडलेली: फक्त ३५ टक्के. म्हणजे रेडिएटरच्या तोंडाचा दोन तृतीयांश भाग आपण स्वतःच्या हाताने बंद केला, एकही पान अडकण्याआधी. जाळी लावल्यावर मोकळ्या रस्त्यावर काटा चढायला लागला असेल आणि ती अशा पत्र्याची असेल, तर आणखी शोधाशोध करू नका. बदला.

उलट टोक म्हणजे डासांची जाळी. स्वस्त आहे, घरात पडलेली असते, आणि कोरडी असताना तिच्यातून हवा बरी जाते. पण मे महिन्यात ओकचे परागकण आणि तुरे, जूनमध्ये किडे, आणि पावसात भोकाभोकात ताणलेलं पाणी. एका संध्याकाळच्या फेरीत ती बुजते. रेडिएटरपुढे ती लावू नका.

मी ५ ते ६ मिलिमीटरच्या भोकाला पसंती देतो, तार १ मिलिमीटरची, काळ्या पावडर कोटिंगची, स्टेनलेस किंवा ॲल्युमिनियम. ओक आणि मेपलची पानं तिच्यावर अडतात. हनी लोकस्टची बारीक पर्णिका मात्र जाते. ज्यांच्या रस्त्यावर ती झाडं आहेत (आणि आपल्याकडच्या टाउनशिपांनी ती फुटपाथवर भरपूर लावली आहेत) त्यांनी जाळी बारीक करण्यापेक्षा पानगळीत गाडी दुसरीकडे लावावी आणि व्हॅक्यूम जास्त वेळा फिरवावा. सगळं अडवणारी जाळी हवाही अडवते; त्यातून सुटका नाही.

हार्डवेअरच्या दुकानात पागोळ्यांच्या पन्हाळीवर टाकायची जाळी मिळते. ती कापून घरी जाळी बनवणारे पुष्कळ आहेत, आणि ती वाईट नाही. प्लास्टिकची घेऊ नका. उन्हाने ठिसूळ होऊन तिचे तुकडे आतच पडतात.

बाहेरून की आतून

जाळ्या दोन तऱ्हांच्या मिळतात. एक बंपरच्या तोंडात बाहेरून बसते, दुसरी बंपरच्या मागे, कंडेन्सरच्या जवळ. आतली दिसत नाही म्हणून अनेकांना ती आवडते. माझा कौल बाहेरच्या जाळीला आहे, आणि कारण दिसण्याचं नाही.

गाडी वेगात असते तेव्हा पान जाळीवर दाबलं जातं. गाडी थांबली की ते गळून पडतं. बाहेरच्या जाळीवरून ते रस्त्यावर पडतं. आतल्या जाळीवरून ते बंपरच्या तोंडातच पडतं, आणि गाडी सुटली की पुन्हा जाळीवर चिकटतं. तेच पान, पुन्हा पुन्हा, जोवर त्याचा भुगा होऊन भोकातून आत जात नाही. «साफ केली की थोडे दिवस बरं» असं ज्यांना होतं, त्यांच्यापैकी अनेकांची जाळी आतली असते. बाहेरची जाळी बसवताना तिचा वरचा काठ खालच्यापेक्षा किंचित पुढे ठेवता आला तर पान आणखी सहज सुटतं.

आतलीच बसवायची असेल तर एक गोष्ट अजिबात चुकवू नका: ती कंडेन्सरला टेकता कामा नये. स्टेनलेसची तार ॲल्युमिनियमच्या पात्यांना टेकली आणि वर मिठाचं पाणी पडलं की दोन धातूंमध्ये विद्युतघट तयार होतो, आणि त्यात झिजतं ते ॲल्युमिनियम. शिवाय गाडीच्या कंपनाने तार कंडेन्सरच्या नळीवर घासत राहते. किमान २० ते २५ मिलिमीटर अंतर ठेवा, आणि गाडी हलली तरी ते राहील अशी बांधणी करा.

खडखड आणि सुटणारी जाळी

साठच्या वर खडखडणारी जाळी बहुधा झिप टायवर लटकलेली असते. बंपर प्लास्टिकचा, जाळी धातूची. उन्हात आणि थंडीत दोन्ही वेगवेगळ्या प्रमाणात फुगतात-आखडतात. पांढरा झिप टाय एका हिवाळ्यात कडक होऊन तुटतो. उन्हाला टिकणारा काळा नायलॉनचा टाय घ्या, आणि तो फार आवळू नका. आवळलेला टाय जाळी वाकवतो, वाकलेली जाळी एका कोपऱ्यात टेकते आणि दुसऱ्या कोपऱ्यात सुटी राहते. आवाज त्या सुट्या कोपऱ्याचा.

जाळीच्या संपूर्ण काठाला यू आकाराची रबरी पट्टी चढवा. कापलेल्या तारांची टोकं त्यात झाकली जातात, रंग खरवडला जात नाही, आणि खडखड जवळजवळ तिथेच थांबते. पट्टीचा जोड खालच्या बाजूला ठेवा म्हणजे पाणी आत साठत नाही.

बंपरच्या रंगवलेल्या भागाला भोक पाडू नका. तोंडाच्या आतल्या काळ्या प्लास्टिकच्या काठावर पुरेशी जागा असते. तिथे छोटे स्टेनलेस स्क्रू आणि रुंद वायसर घातले की जाळी घट्ट बसते आणि स्क्रूड्रायव्हरने झटकन निघते. रिव्हेट नको. रिव्हेट मारलेली जाळी पुन्हा कोणी काढत नाही, आणि इथूनच सगळी कथा परत सुरू होते.

आवाज कुठून येतो ते कळत नसेल तर जाळीच्या चारी कडांना तात्पुरती टेप मारून एक फेरी मारा. आवाज थांबला तर जाळी. न थांबला तर बंपर परत चढवताना पोटाखालचा एखादा स्क्रू राहिलाय का बघा. ते फार सर्रास होतं.

मागच्या बाजूचे व्हेंट

दाराच्या मागे दोन्ही बाजूंना जे कल्ले आहेत, ते एकाच कामाचे नाहीत. डावीकडून इंजिनाच्या एअर फिल्टरला हवा जाते. उजवीकडून इंजिनाच्या कप्प्यात गार हवा खेळते.

डावीकडे जाळी बसवायचं खरं कारण पानं नाहीत, उंदीर आहेत. हिवाळ्यात झाकून ठेवलेल्या गाडीचा एअरबॉक्स (एअर फिल्टरचा डबा) त्यांना घरासाठी फार सोयीचा वाटतो. कोरडा, आडोशाचा, आणि फिल्टरचा कागद कुरतडायला तयार. ६ मिलिमीटरचं भोक उंदराला पुरेसं लहान आहे. फिल्टर तर पाने-किडे अडवतोच, म्हणून इथे त्याहून बारीक जाळीची गरज नाही, आणि बारीक जाळी अपायकारक आहे. हिशेब करून बघा. ३.४ लिटरचं चार स्ट्रोकचं इंजिन दर दोन फेऱ्यांत ३.४ लिटर हवा ओढतं. मिनिटाला ७,००० फेऱ्यांना ते झाले जवळजवळ १२,००० लिटर, म्हणजे सेकंदाला २०० लिटर. समजा हवेची वाट १०० चौरस सेंटिमीटरची आहे. ७३ टक्के मोकळ्या जाळीतून ही हवा सेकंदाला २७ मीटर वेगाने जाईल, ३५ टक्क्यांच्या पत्र्यातून ५७ मीटरने. वेग दुपटीवर गेला की अडथळा चौपटीवर जातो. पुढच्या रेडिएटरला जी चूक तापमानात दिसते, ती इथे ताकदीत दिसते. आणि जाळीने ताकद वाढते असं कोणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. वाढण्यासारखं तिथे काही घडतच नाही.

जाळी बसवल्यावर चेक इंजिनचा दिवा लागला, तर जाळीला दोष देण्याआधी एअरबॉक्स बघा. जाळी फिल्टरच्या कितीतरी आधी आहे, तर हवा मोजणारा एमएएफ सेन्सर फिल्टरच्या नंतर. तिथपर्यंत जाळीची खळबळ पोचत नाही. पण काम करताना एअरबॉक्स हलवला असेल तर नळीचा क्लँप ढिला राहतो, किंवा सेन्सरचा कनेक्टर अर्धवट बसतो. क्लँपच्या फटीतून न मोजलेली हवा आत शिरते आणि मिश्रण पातळ असल्याचा कोड येतो. त्याच वेळी तेल लावलेला आफ्टरमार्केट फिल्टर बसवला असेल तर तो आणखी एक संशयित: जास्त तेल सेन्सरच्या तारेवर बसतं. एमएएफसाठीचाच क्लीनर फवारा, बोट किंवा कापूस लावू नका, आणि पूर्ण सुकल्यावरच जोडा.

उजवीकडे जाळी लावलीच तर भोक मोठं, ६ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त. त्या कप्प्यातली उष्णता बाहेर पडायला तेवढी हवा लागते.

पुण्या-मुंबईच्या वाचकांसाठी

तिकडे मधल्या इंजिनाची गाडी असेल तर पाल्याचा आकार बदलतो. गुलमोहराच्या पर्णिका इतक्या बारीक असतात की ६ मिलिमीटरच्या जाळीतून त्या सरळ आत जातात, आणि पानगळीत त्या गाडीवर अक्षरशः बरसतात. त्यावर धूळ, मग पहिला पाऊस, आणि फटीत चिखलाचा थर. मीठ नसलं तरी तो चिखल पात्यांमध्ये वाळून घट्ट होतो. तिथे जाळी दगड, प्लास्टिकच्या पिशव्या आणि मोठी पानं अडवेल; धुळीसाठी बंपर उतरवून धुणं हाच उपाय, आणि तो पावसाळ्याच्या आधी. जाळी पाणी अडवत नाही, हेही लक्षात असू द्या.

एवढं करूनही काटा चढला तर

फट स्वच्छ, पट्टी दोन्हीकडे सारखी फडफडते, पंखे दोन्ही वेगांना चालतात, जाळी मोकळी, आणि तरी ओबीडीवरचा आकडा चढून तिथेच राहतो. आता हवेचा प्रश्न संपला, कुलंटचा सुरू झाला. कुलंटच्या टाकीचं झाकण आधी बदला, ते स्वस्त आहे आणि जुनं झालं की दाब धरत नाही. मग थर्मोस्टॅट. मग पंप: २००९ च्या आधीच्या इंजिनांत पंपाच्या प्लास्टिकच्या पात्या तुटतात, आणि त्यांचे तुकडे कुलंटच्या वाटांमध्ये जाऊन अडकतात. पंप काढल्यावर एखादी पाती गायब दिसली तर नवा पंप लावून मोकळं होऊ नका, ते तुकडे शोधून काढा. तोवर गाडी लांब नेऊ नका. वाटेत आकडा चढायला लागलाच तर एसी बंद, हीटर पूर्ण, पंखा पूर्ण, आणि पहिल्या सुरक्षित जागी बाजूला घेऊन इंजिन बंद करा. झाकणाला गार होईपर्यंत हात लावू नका.